जुन्या रेडिओत बाईची जागा कशी ऐकायची

जुन्या आकाशवाणीचं एखादं रेकॉर्डिंग हाताला लागलं की आपण बहुतेक वेळा काय करतो, तर सिग्नेचर ट्यूनवर एक उसासा टाकतो, "काय दिवस होते" म्हणतो, ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि संपलं. त्याच्यात काही वाईट नाही, मीही करते. पण त्याच रेकॉर्डिंगमधून बायकांचं आयुष्य कसं बदलत गेलं हे ऐकायचं असेल तर थोडी वेगळी पद्धत लागते, आणि ती काही फार अवघड नाहीये, हेडफोन, वही आणि भरपूर पेशन्स एवढ्यावर काम भागतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. लोक ऐकायला बसतात आणि विषय मोजतात. म्हणजे १९५५ ला लोणच्याची कृती, १९७५ ला नोकरी करणारी बाई, १९९५ ला बचत गट, झाली प्रगती. विषय फसवे असतात हो. लोणच्याच्या कार्यक्रमात बाई स्वतः स्क्रिप्ट लिहून, स्वतःच्या आवाजात, स्वतःला वाटेल ते बोलत असू शकते आणि "स्त्रीमुक्ती" नावाच्या परिसंवादात तीन पुरुष बोलतायत अन् ती शेवटी आभार मानतेय असंही असतं. त्यामुळे मी विषय दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिल्या नंबरवर माइकजवळची जागा. कोण बोलतंय, कुणाशी, किती वाजता, मध्ये कोण तोडतंय आणि शेवटचं वाक्य कुणाचं. पुढचं सगळं ह्याच्याभोवतीच आहे.

सुरुवात घड्याळापासून

ऐकायच्या आधी कार्यक्रमाची वेळ शोधा. बीबीसीचा विमेन्स अवर ७ ऑक्टोबर १९४६ ला सुरू झाला तो दुपारी २ वाजता. का दोन? कारण जेवणाची भांडी आवरून झालेली असतात आणि पोरं शाळेतून यायची असतात असा हिशोब. म्हणजे एक शब्द ऐकायच्या आधीच तुम्हाला कळलं की बीबीसीच्या डोक्यातली बाई दुपारी दोनला घरात आहे, आणि ज्या बायका तेव्हा फॅक्टरीत किंवा ऑफिसात होत्या त्या ह्या हिशोबात बसतच नाहीत. आणि गंमत म्हणजे बायकांच्या ह्या कार्यक्रमाचा पहिला निवेदक होता अ‍ॅलन आयव्हिमी नावाचा पुरुष. हे आजच्या कानाला फारच विचित्र वाटतं पण तेव्हा कुणाला तरी अगदी नॉर्मल वाटलं असणार ना, तेच पकडायचंय आपल्याला.

आपल्याकडे मुंबई केंद्राचं वनिता मंडळ, पुणे केंद्राचं गृहिणी, हे दोन्ही आमच्या आई-आजीच्या पिढीला तोंडपाठ. दुपारच्या वेळेला रेडिओ बायकांचा, सकाळी आणि रात्री बातम्या घरातल्या कर्त्या माणसाच्या, संध्याकाळी शेतकऱ्यांचं आणि कामगारांचं. एका दिवसाचं वेळापत्रक समोर ठेवून कोणता तास कुणाच्या नावावर आहे हे नुसतं रंगवून बघा. मग त्याच केंद्राचं पंधरा-वीस वर्षांनंतरचं वेळापत्रक घ्या आणि तेही रंगवा. अर्धं काम तिथेच होतं.

पण त्या दुपारच्या तासाला कमी लेखू नका. विमेन्स अवरवर १९४० च्या दशकाच्या शेवटीच पाळी जाण्याच्या त्रासाबद्दल बोललं गेलं होतं, आणि साहेब लोक अवघडले होते. घरगुती कार्यक्रम म्हणून तिकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, म्हणूनच तिथे काय काय खपून जातं ते बघण्यासारखं असतं. पुण्यात गृहिणी कार्यक्रम बराच काळ ज्योत्स्ना देवधरांसारख्या कादंबरीकार बाईंकडे होता, म्हणजे "भाजी कशी निवडावी" वगैरेच्या पलीकडचं डोकं त्याच्यामागे होतं. नाव गृहिणी असलं म्हणून आतला मजकूर तेवढाच असेल असं धरून चालू नका.

माल कुठे मिळतो

प्रसार भारती अर्काइव्हज नावाचं युट्यूब चॅनेल आहे, तिथून सुरू करा. इंटरनेट अर्काइव्हवर जगभरचा जुना रेडिओ पडलेला आहे, अमेरिकेचा तर इतका की ऐकून संपणार नाही. बीबीसीने विमेन्स अवरचे निवडक तुकडे ऑनलाइन ठेवलेत. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया केंद्राकडे जुन्या मुलाखतींचं ऑडिओ आहे, त्यात उषा मेहतांची पण आहे, त्यांच्याबद्दल पुढे बोलतेच. बाकी मग खाजगी संग्राहक, म्हणजे ज्यांनी ऐंशीच्या दशकात टू-इन-वनला रेकॉर्ड बटण दाबून ठेवलं होतं ते थोर लोक.

खाजगी अपलोड ऐकताना मात्र सावध. वर्णनात "१९६० चे दुर्मिळ" लिहिलेलं असतं आणि ऐकल्यावर कळतं की हे नंतर कधीतरी केलेलं पुनःप्रसारण आहे, मध्येच आजच्या निवेदिकेचा आवाज येतो. तारीख कशी पक्की करायची तर निवेदनातले क्लू. "ऑल इंडिया रेडिओ" हे नाव ८ जून १९३६ पासूनचं, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून, पुणे केंद्र १९५३ चं. १९५० ची म्हणून लावलेल्या क्लिपमध्ये विविध भारतीचा उल्लेख आला की समजा कुणीतरी अंदाजपंचे तारीख ठोकलीय.

आणि आता वाईट बातमी. तुम्हाला हवं ते रेकॉर्डिंग बहुतेक वेळा नाहीच मिळणार. सुरुवातीच्या काळात जवळपास सगळं थेट जायचं, बोललं आणि हवेत गेलं. मग टेप आली पण टेप महाग, म्हणून तीच पुसून परत वापरायची पद्धत. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवताना पंतप्रधानांचं भाषण राहतं, मोठ्या बुवांचं गाणं राहतं, आणि दुपारचं वनिता मंडळ पुसलं जातं. आपल्या रेडिओचा ट्रान्स्क्रिप्शन विभाग, म्हणजे रेकॉर्डिंग जपून ठेवणारा विभागच, १९५४ चा. म्हणजे अर्काइव्हमध्ये जे उरलंय तेही कुणीतरी निवडलेलं आहे, आणि त्या निवडीत बायकांचं रोजचं बोलणं सगळ्यात आधी गळलंय. हे डोक्यात ठेवून ऐकायला बसा नाहीतर "त्या काळात बायका रेडिओवर फार बोलतच नव्हत्या" असा भलताच निष्कर्ष निघतो.

आवाज नसेल तर कागद

मग करायचं काय तर कागद ऐकायचा. ऑल इंडिया रेडिओची इंडियन लिसनर नावाची कार्यक्रमपत्रिका निघायची, तिचे १९३५ पासूनचे बरेच अंक इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेत. केंद्रानुसार, तासानुसार, कोण काय बोलणार, कोण गाणार सगळं छापलेलं. अंक उघडला की आतल्या सर्चमध्ये इंग्रजी स्पेलिंगने विमेन, लेडीज, होम, झेनाना, मिस, मिसेस, बाई, बेगम असे शब्द एकेक करून टाका. स्कॅन जुनं असल्यामुळे सर्चला अर्धे शब्द दिसतच नाहीत, त्यामुळे मुंबई केंद्राची पानं डोळ्यांनी पण चाळा, कंटाळा करू नका. बीबीसीसाठी जीनोम नावाची साइट आहे, त्यात रेडिओ टाइम्स ह्या बीबीसीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या १९२३ ते २००९ पर्यंतच्या नोंदी आहेत आणि ती सर्चला बरीच बरी आहे.

ह्या पद्धतीने काय हाती लागतं त्याचं माझं आवडतं उदाहरण वेणू चितळे. कोल्हापूरजवळच्या शिरोळची मुलगी, पुण्यात हुजूरपागेत शिकलेली, लंडनला गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थेट बीबीसीत. ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑर्वेलसोबत काम केलं, मराठीतून भारताकडे बोलली, ब्रिटिश श्रोत्यांना इंग्रजीतून बातम्या वाचून दाखवल्या, आणि रेशनच्या दिवसात किचन फ्रंट नावाच्या कार्यक्रमात शाकाहारी स्वयंपाकाबद्दल पण बोलली. आता विचार करा, बॉम्ब पडतायत, मटण मिळत नाहीये, आणि एक मराठी बाई इंग्रजांना डाळ-भाजीचं सांगतेय. ह्याला "स्वयंपाकाचा कार्यक्रम" म्हणून बाजूला टाकणार का? तेव्हाच्या बातमीवाचनाइतकीच ती युद्धाची कामगिरी होती.

त्या दिवसांचा १९४२ चा एक प्रसिद्ध फोटो आहे, व्हॉइस नावाच्या कवितेच्या कार्यक्रमाचा. त्यात ऑर्वेल, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद ह्यांच्यासोबत वेणू चितळे आहे आणि जमैकाची उना मार्सन आहे. फोटो मोठा करून बघा, कोण बसलंय कोण उभं आहे, कुणाच्या हातात कागद आहेत. फोटो, पगाराच्या नोंदी, स्क्रिप्टच्या कडेला पेन्सिलने केलेले बदल, हे सगळं "ऐकण्यात" धरायचं. बीबीसीचा लिखित संग्रह रेडिंगजवळ कॅव्हरशमला आहे, तिथे जाणं आपल्यातल्या बहुतेकांना जमणार नाही, पण यूकेत राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने मनावर घेतलं तर काम होण्यासारखं आहे, बघा कुणाला जमतंय का.

प्रत्यक्ष ऐकताना

पहिल्यांदा पूर्ण ऐका, काही लिहू नका. कान बसू दे. दुसऱ्यांदा मात्र वही उघडा आणि ह्या गोष्टी मिनिट-सेकंदासकट टिपा.

ओळख कशी करून दिली. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फळ देणारं. सौ. की श्रीमती की कुमारी की डॉक्टर. नवऱ्याचं नाव आधी आलं का. "प्रसिद्ध अमुक ह्यांच्या पत्नी" हे किती सेकंद चाललं आणि तिचं स्वतःचं काम किती सेकंद. पुरुष पाहुण्याची ओळख त्याच कार्यक्रमात कशी होते ते शेजारी लिहा.

प्रश्न कोण विचारतंय आणि कोणते. "घर आणि काम दोन्ही कसं सांभाळता?" ह्या प्रश्नाची वेगळी खूण ठेवा, कारण हा तुम्हाला कुठल्याही दशकात भेटणार आहे, आजच्या पॉडकास्टमध्ये पण. प्रश्न तोच असतो, उत्तरं बदलत जातात आणि खरा माल उत्तरात असतो. एके काळी उत्तर असतं सासूबाईंची कृपा, मग कधीतरी "यजमानांचं सहकार्य" येतं, आणि कधीतरी एखादी बाई सरळ हसते आणि प्रश्न उडवून लावते. ती हसली ते पण लिहा.

मध्ये कोण तोडतं, कोण "हं, हं" करतं, कुणाच्या बोलण्याआधी कागद चाळल्याचा आवाज येतो. कागद वाजला म्हणजे भाषण लिहून, तपासून आणलेलं आहे. जुन्या आकाशवाणीवर बहुतेक बोलणं असंच असायचं, त्यामुळे बाई "अशी बोलायची" म्हणजे खरं तर "तिला असं लिहून वाचायला परवानगी होती". ह्या दोन गोष्टी एक नाहीत. जिथे ती कागद सोडून बोलते, आवाज किंचित बदलतो, गावची बोली डोकावते, तिथे थांबा, मागे घ्या, परत ऐका.

गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत नावांकडे जास्तच लक्ष द्या. तीस आणि चाळीसच्या दशकात पत्रिकेत कितीतरी नावांपुढे बाई, जान असं दिसतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला माहिती-प्रसारण खातं सरदार पटेलांकडे होतं तेव्हा ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम मानलं जात होतं अशांना रेडिओवर घेऊ नये असा हुकूम निघाला, आणि तो मुख्यतः कोठ्यावरून आलेल्या गायिकांवर पडला. म्हणजे ज्या बायकांनी रेडिओच्या पहिल्या दिवसात केंद्रं चालवली, आवाज दिला, त्यांनाच मागच्या दाराने बाहेर, आणि "घरंदाज" मुली पुढच्या दाराने आत. ह्याला प्रगती म्हणायचं की अजून काही ते तुम्ही ठरवा, मला तर ह्या गोष्टीचा राग येतो. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ ला लग्न करून गाणं थांबवतात आणि १९४९ ला लखनौ रेडिओवरून परत गायला लागतात, पुढे जग त्यांना बेगम अख्तर म्हणून ओळखतं. नाव बदललं, गळा तोच. पत्रिकेत असं एखादं नाव अचानक दिसेनासं झालं की ती गेली असं लगेच समजू नका, दुसऱ्या नावाने शोधा.

श्रुतिका विसरू नका

भाषणांपेक्षा मला श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नाटुकल्यांमध्ये जास्त सापडतं. मुंबई केंद्राचं प्रपंच, मग पुन्हा प्रपंच. टेकाडे भावजी, मीनावहिनी, प्रभाकरपंत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर हे तीन आवाज अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात राहायला होते म्हणा ना. तुकडे मिळतील तसे ऐका आणि एक साधा खेळ खेळा: वाद कुणी सुरू केला, माहिती कुणाकडे होती, माघार कुणी घेतली, आणि चहा कुणी केला. मीनावहिनी नुसती ऐकून घेणारी बायको नाहीये, टोमणे मारते, पंतांना गप्प करते, पण बाहेरच्या जगाची बातमी बहुतेक वेळा घरात कोण आणतं तेही बघा. अशा मालिकेतून सरकारी योजना, बचत, कुटुंबनियोजन वगैरे गोळी साखरेत घालून दिली जायची, त्यामुळे वहिनी काय म्हणते ह्याच्यात लेखक किती, सरकार किती आणि नीलम प्रभूंच्या आवाजाची फिरत किती हे वेगळं करायला शिका. कागदावर साधं असलेलं वाक्य त्या बाईने असं म्हटलेलं असतं की त्याचा अर्थच उलटतो.

हिंदीत ह्याच धर्तीवर तिनका तिनका सुख नावाची १०४ भागांची मालिका १९९६-९७ मध्ये लागायची. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावच्या लोकांनी सह्या करून पत्र पाठवलं की आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. पत्रं हा वेगळा दस्तऐवज समजा. कार्यक्रम सांगतो केंद्राला बाई कशी हवी होती, पत्र सांगतं ऐकणाऱ्यांनी त्याचं काय केलं, आणि दोन्हीचा मेळ बसेलच असं काही नाही.

बातम्या: अधिकाराचा आवाज

बाईने गाणं गायलं चालतं, पाककृती सांगितली चालते, पण "हे घडलं आहे" असं देशाला सांगायचं म्हटलं की जगभर लोकांच्या पोटात दुखलेलं आहे. बीबीसीने १९३३ मध्ये शीला बॉरेट ह्यांना निवेदक म्हणून बसवलं आणि तक्रारींचा पाऊस पडला, काही महिन्यांत त्यांना तिथून हलवलं. बीबीसीच्याच रेडिओ ४ ह्या वाहिनीवर बाईच्या आवाजात बातम्या यायला १९७४ उजाडलं, शीला ट्रेसी. आपल्याकडे मात्र सईदा बानो १३ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन दिवस आधी, दिल्लीहून उर्दू बातम्या वाचत होत्या. लखनौचं घर, संसार मागे टाकून आलेली बाई. आणि पुण्याहून सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे ह्यांचा आवाज तर कित्येकांचं घड्याळ होता.

त्यामुळे "पाश्चात्य पुढे, आपण मागे" असा आलेख डोक्यात आधीच काढून बसला असाल तर खोडा. बातम्या ऐकताना बघायचं ते हे की बाईला कोणतं बुलेटिन दिलंय, सकाळचं मुख्य की दुपारचं छोटं, आणि निवडणुकीच्या किंवा युद्धाच्या दिवशी ती दिसते, म्हणजे ऐकू येते का.

चोरून चाललेला रेडिओ

सरकारी केंद्रांवर जे मिळालं नाही ते बायकांनी बेकायदा रेडिओवर करून दाखवलं, हा भाग अभ्यासात हमखास सुटतो. उषा मेहता, वय २२, ऑगस्ट १९४२, मुंबई. ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ, जागा बदलत, पोलिसांची गाडी मागावर, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले जाईपर्यंत चालू. त्यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. गोव्याच्या बाजूला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोंयचे सोडवणेचो आवाज चालवला, आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकहून, कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये, थेट डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत. सहा वर्षं जंगलात! आणि शेवटी विमानातून लाउडस्पीकरवर मुक्तीची बातमी सांगितली ती पण लिबियांनी. त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली.

अशा प्रसारणांचं ऑडिओ मागायला जाल तर हात हलवत याल. काँग्रेस रेडिओचं बोलणं पोलिसांनी ऐकून उतरवलं आणि ते खटल्यात वापरलं, म्हणजे तुमचा स्रोत आहे शत्रूचा कारकून. ते वाचताना दोन गोष्टी तपासा. एक, उतरवणाऱ्याने बोलणारी बाई आहे हे नोंदवलंय का, आणि नोंदवलं असेल तर कोणत्या शब्दात. दोन, त्याला काय महत्त्वाचं वाटलं नाही, म्हणजे कुठे नुसतं "गाणं" किंवा "घोषणा" लिहून पुढे गेलाय. मग ह्याच्या शेजारी उषाबाईंची पुढच्या काळातली मुलाखत लावा. स्वतःचं धाडस सांगताना ही माणसं फार पटकन "आम्ही" म्हणतात, "मी" कधी म्हणतात तिथे कान टवकारा.

आवाजाची पट्टी मोजायची असेल तर

हे थोडं टेक्निकल आहे, नको असेल तर सोडून द्या. ऑस्ट्रेलियात १९४५ ची आणि १९९३ ची तरुण बायकांची रेकॉर्डिंग्ज तुलना करून बघितली तेव्हा बोलण्याची सरासरी पट्टी २२९ हर्ट्झवरून २०६ वर आलेली दिसली. म्हणजे आवाज खाली उतरला, भारदस्त झाला. आपण हे घरी करू शकतो, प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. फाइल टाका, बाई एकटी बोलतेय, मागे संगीत नाही असा एखाद मिनिटाचा तुकडा निवडा आणि सरासरी पट्टी काढा.

पण आधी वेग तपासा. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ८० ने फिरवून डिजिटल केली असेल तर २२९ चे २३५ होतात आणि तुमचा सगळा सिद्धांत त्या सहा हर्ट्झवर उभा राहतो. युक्ती अशी की ऑडॅसिटी ह्या ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम उघडून विजेची घुमघुम शोधा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, मूळ रेकॉर्डिंगमधली घुमघुम ५२ वर दिसली तर टेप ४ टक्के जोरात पळतेय. बरोब्बर ५० वर असेल तर मात्र खुश होऊ नका, ती नंतर डिजिटल करताना घुसलेली पण असू शकते. दुसरं म्हणजे मीडियम वेव्हवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा यायचाच नाही, आणि स, श सारखी अक्षरं तिथेच राहतात, बायकांच्या आवाजात तर जास्तच वर. मग लोक म्हणायचे बायकांचे आवाज रेडिओवर पातळ, अस्पष्ट वाटतात. यंत्राचा दोष बाईच्या गळ्यावर ढकलला, दुसरं काय.

जिथे बाई नाही तिथे पण ऐका

१९५६ मध्ये पुण्याहून युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. १५० गावं, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण २०. गावातली माणसं रेडिओभोवती बसायची, ऐकायची, चर्चा करायची, ठराव करायची. आणि मंडळात बसलेली बहुतेक सगळी पुरुष मंडळी. आता खुरपणी कोण करतं, बी कोण राखतं, गुरांचं कोण बघतं? अशा प्रयोगाचं काहीही वाचताना किंवा माझं घर माझं शेत सारखा कार्यक्रम ऐकताना "शेतकरी बंधूंनो" ची एक रेघ मारा आणि "भगिनींनो" कधी जोडलं गेलं त्याची दुसरी. आणि भगिनींनो म्हटल्यावर पुढची माहिती खताची आहे की परसबागेची, तेही.

मग त्याच भागात ५० वर्षांनी काय झालं ते ऐका. म्हसवडला माणदेशी तरंग नावाचा कम्युनिटी रेडिओ, ९०.४ एफएम, माणदेशातल्या बायका स्वतः गाणी, गप्पा, बाजारभाव, बँकेचे व्यवहार सगळं बोलतात. तेलंगणात माचनूरला संघम रेडिओ २००८ पासून दलित बायका चालवतात, बियाणांबद्दल त्यांच्याच भाषेत. १९५६ चा अहवाल आणि आजचा कम्युनिटी रेडिओचा अर्धा तास एकाच संध्याकाळी, मागोमाग. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे.

आणि एक सापळा. मोठ्या पदावरची एक बाई बोलली म्हणजे बायकांची भूमिका बदलली असं नसतं. इंदिरा गांधी १९६४ ला माहिती-प्रसारण मंत्री होत्या, म्हणजे अख्खा रेडिओच त्यांच्या हातात, आणि २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची बातमी देशाने रेडिओवर त्यांच्याच आवाजात ऐकली, घाबरायचं कारण नाही असं त्या सांगत होत्या. तो आवाज ऐका जरूर, पण त्याच दिवशी दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात काय लागलं होतं हे शोधायचा प्रयत्न करा. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय १९७५ ची बाई पूर्ण ऐकू येत नाही.

घरातली साठवण

शेवटचा स्रोत घरातच आहे. आजी, मावशी, शेजारच्या काकू. त्यांना "तुमच्या काळात स्त्रियांची स्थिती कशी होती" असं अजिबात विचारू नका, शाळेतला निबंध ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा की रेडिओ घरात कुठे ठेवलेला होता, बटण फिरवायची परवानगी कुणाला होती, स्वयंपाकघरातून ऐकू यायचा का, बातम्या लागल्या की तुम्ही बसायचात का उभ्याउभ्याच. "वनिता मंडळाला कधी पत्र पाठवलंत का?" हा प्रश्न तर हमखास लागू पडतो, कुणाची तरी पाककृती वाचली गेलेली असते आणि त्यावर घरात काय महाभारत झालं होतं ते पण निघतं. जुनं रेकॉर्डिंग लावून त्यांच्यासोबत ऐका आणि त्या मध्ये मध्ये जे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात आधी विचारून, आणि कुठे टाकणार असाल तर परत विचारून.

टाकण्यावरून आठवलं, सापडलेलं अख्खं रेकॉर्डिंग स्वतःच्या चॅनेलवर चढवू नका. आपल्या कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षं चालतो, आणि लेखक-गायकांचे हक्क त्याहून वेगळे. छोटा तुकडा, सोबत तुमचं विवेचन, तारीख आणि कुठून मिळालं ते, एवढं पुरतं. फाइलचं नाव देताना केंद्र, तारीख, कार्यक्रम आणि बोलणारीचं पूर्ण नाव लिहा, "जुना रेडिओ ७ फायनल नवीन" असं नाही, आणि बोलणारीचं नाव कळलं नसेल तर "अज्ञात स्त्री" लिहून मोकळं होण्यापेक्षा तुकडा चार वयस्कर माणसांना पाठवून बघा, तिचा आवाज ओळखणारं कुणीतरी अजून असतं.